बैलाची खांदेमळणी होते, संगणकावर बसणाऱ्याची कधी?

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो. वर्षभर जू वाहून कठीण झालेला खांदा गरम पाण्याने शेकतो, हळद-तूप चोळतो आणि सणाच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. मुक्या जनावराला बोलता येत नाही, म्हणून त्याचे दुखणे मालकाने ओळखायचे, असा हा जुना रिवाज आहे.

आता एकदा आपल्या ग्रामपंचायतीत जा आणि संगणकासमोर बसलेल्या पोराकडे किंवा पोरीकडे नीट बघा. मान पुढे ओढलेली, एक खांदा वर चढलेला, डोळे लाल झालेले आणि दर थोड्या वेळाने एक हात आपसूक मानेमागे जाणारा. त्याला बोलता येते, पण तो बोलत नाही. कारण बोलला तर चारचौघे म्हणणार, "पंख्याखाली बसून तर काम करतोस, तुला रे कसलं दुखणं?"

वाचक हो, आजचा विषय हेच दुखणे आहे. ते खरे आहे, बहुतेक वेळा टाळता येते आणि त्यासाठी फार पैसेही लागत नाहीत.

मान त्याची, पैसे तुमचे

संगणक म्हणजे शहरातल्या हापिसाची गोष्ट, हे दिवस कधीच गेले. २०११ साली 'संग्राम' प्रकल्पातून ग्रामपंचायतींत संगणक आले, पुढे २०१६ पासून 'आपले सरकार सेवा केंद्र' आले. २०१८ मध्ये डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी तुमच्या हातातल्या मोबाइलवर आली. तलाठी, ग्रामसेवक, सोसायटीचे सचिव, दूध डेअरीवर फॅट आणि लिटर टिपणारा पोरगा, शाळेतले गुरुजी, सगळ्यांचेच निम्मे काम आता पडद्यासमोर चालते.

खरिपाच्या पीक विम्याची मुदत बहुतेक वर्षी जुलैअखेर संपते. त्या शेवटच्या आठवड्यात सेवा केंद्रावर काय गर्दी असते, ते तुम्ही पाहिलेच आहे. सकाळी आठला बसलेला माणूस रात्री दहालाही तिथेच असतो. अशा वेळी डोळे चुरचुरतात, मान धरते, बोटांना मुंग्या येतात आणि गट नंबरातला एक आकडा इकडचा तिकडे होतो. बँक खात्यातला एक शून्य कमी पडतो. मग पैसे अडकले की हेलपाटे कोण घालतो? तुम्ही आम्हीच. म्हणून हे एकट्या ऑपरेटरचे दुखणे नाही. मान त्याची दुखते, पैसे तुमचे अडकतात.

बसून दुखते कसे?

हा प्रश्न आजचा नाही. इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी कामामुळे होणाऱ्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत त्यांनी लेखनिक आणि कारकुनांच्या दुखण्याची तीन कारणे दिली आहेत. एक, सतत बसून राहणे. दोन, हाताची तीच ती हालचाल. तीन, चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. तीनशे वर्षांपूर्वीचा तो कारकून आणि आजचा संगणक परिचालक यांच्यात फरक फक्त टाक आणि माउस यांचा.

आता शरीरात काय होते, ते पाहू. पाण्याने भरलेली बादली उचलून तुम्ही विहिरीपासून गोठ्यापर्यंत जाता, काही वाटत नाही. पण रिकामीच बादली हात लांब करून दहा मिनिटे धरून उभे राहा, खांदा भरून येईल. स्नायू आखडतो आणि सैल होतो, तेव्हा त्यातून रक्त नीट खेळते. तो एकाच जागी ताणून धरला की रक्त कमी मिळते, थकवा साचतो आणि दुखू लागते. शेतातले काम जड असते, पण त्यात हालचाल असते. संगणकाचे काम हलके असते, पण त्यात मान, खांदे आणि कंबर तासन् तास रिकामी बादली धरून उभी असतात.

मोठ्या माणसाचे डोके साधारण साडेचार ते साडेपाच किलो भरते. ते मणक्यावर सरळ तोलून धरले तर भार जाणवत नाही. पुढे झुकले की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावे लागते. २०१४ मध्ये न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी याचे गणित मांडले. मान १५ अंश झुकली तर मानेवर सुमारे १२ किलोचा भार येतो, ३० अंशांना १८ किलो आणि मोबाइल मांडीवर धरून बघताना झुकते तशी ६० अंश झुकली तर सुमारे २७ किलो. हे गणित संगणकावरच्या नमुन्यावर केलेले आहे, ते किलोकिलोने खरे धरू नये. पण झुकाव वाढला की ओझे वाढते, एवढे त्यावरून नक्की समजते.

डोळ्यांचे कारण वेगळे. आपण मिनिटाला सुमारे १५ ते २० वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. पापणी मिटली नाही की बुबुळावरचा ओलावा सुकतो, डोळे चुरचुरतात, लाल होतात. शिवाय जवळचे बघण्यासाठी डोळ्यांतले बारीक स्नायू सारखे ताणलेले राहतात. त्यातून कपाळ दुखते आणि संध्याकाळी लांबचे धूसर दिसते.

हाताच्या मनगटात एका अरुंद बोगद्यातून शीर जाते. मनगट सारखे वाकलेले राहिले की ती दबते. मग अंगठा, पहिले बोट आणि मधले बोट यांना मुंग्या येतात, रात्री जास्त. हाताने धारा काढणाऱ्यांनाही हाच त्रास होतो. तेव्हा ज्यांच्या घरी चार-पाच दुभती जनावरे आहेत आणि दिवसा संगणकाचे काम आहे, त्यांनी मनगट दुप्पट जपावे.

आधी मांडामांड बघा

औत नीट जुंपले नाही तर बैलाच्या खांद्याला गळू येते. तसेच इथेही आहे. औषधाच्या आधी टेबल-खुर्ची बघावी.

पडदा : पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. पडदा सुमारे दीड हात लांब, म्हणजे हात पुढे केला तर बोटे जेमतेम टेकतील इतका. तो अगदी समोर असावा, तिरका ठेवला तर दिवसभर मान वळलेली राहते. लॅपटॉपवर काम असेल तर तो दोन विटांवर कागद गुंडाळून उंच करावा आणि कीबोर्ड व माउस वेगळे जोडावेत. नुसता लॅपटॉप टेबलावर ठेवला तर एक तर मान वाकते, नाही तर हात वर चढतात.

खुर्ची : पाय जमिनीला पूर्ण टेकावेत. टेबल उंच आणि खुर्ची बुटकी असेल तर बुडाखाली जाड घडी घ्यावी आणि पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट किंवा वीट ठेवावी. कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवली की पाठीला आधार मिळतो. टेकूनच बसावे. खुर्चीच्या टोकावर बसायची सवय मोडावी.

हात : कोपरे अंगालगत आणि काटकोनात. मनगट सरळ, टेबलाच्या धारदार कडेवर रेटलेले नको. माउस कीबोर्डच्या अगदी शेजारी असावा, लांब ठेवला तर खांदा दिवसभर ताणलेला राहतो.

कागद : आधार कार्ड, पासबुक, सातबारा टेबलावर आडवे ठेवून वाचले की मान दर मिनिटाला खाली-वर होते. पूर्वीचे दिवाणजी बैठकीवर बसून उतरत्या डेस्कावर लिहीत. त्या उतारामुळे कागद डोळ्यांसमोर येई. तीच युक्ती आजही चालते. पुठ्ठ्याला चिमटा लावून कागद पडद्याशेजारी तिरका उभा करावा.

उजेड : खिडकी बाजूला असावी. पाठीमागे असेल तर पडद्यावर चकाकी येते, पडद्याच्या मागे असेल तर डोळे दिपतात. जागा बदलता येत नसेल तर खिडकीला जुन्या धोतराचा पडदा लावला तरी चालतो. पंख्याचा झोत सरळ तोंडावर नको, त्याने डोळे सुकतात. पडद्यावरची धूळ रोज पुसावी. अक्षरे बारीक दिसत असतील तर वाकण्यापेक्षा अक्षरे मोठी करावीत.

एक गोष्ट वयाची. चाळिशीनंतर जवळचा नंबर लागतोच. दुहेरी काचेचा चष्मा लावणारे पडदा खालच्या काचेतून बघण्यासाठी हनुवटी वर करतात आणि मग मानेचा मागचा भाग दुखतो. त्यांनी पडदा थोडा खाली घ्यावा, किंवा डोळ्यांच्या डॉक्टरांना संगणकाचे अंतर सांगून त्या अंतराचा चष्मा करून घ्यावा.

औत सोडायची वेळ

बैल सकाळी जुंपला तर दुपारी आपण औत सोडतो. संगणकाचे औत मात्र सुटतच नाही. सगळी मांडामांड नीट केली तरी तीच बैठक चार तास ठेवली तर अंग धरणारच. म्हणून उठण्याचे काही टप्पे ठरवून घ्यावेत.

डोळ्यांसाठी सोपा नियम आहे. दर २० मिनिटांनी किमान २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद बघावे. दारातून पारावरचा पिंपळ दिसत असेल तर त्याच्याकडे बघा. त्याच वेळी पापण्या पाच-सात वेळा सावकाश पूर्ण मिटा.

अंगासाठी दर अर्ध्या तासाने उभे राहावे, एखादे मिनिट पुरते. दर तासाला पाच मिनिटे चालून यावे. "रांग लागलेली असताना उठायचं कसं?" असे कोणी म्हणेल. त्यावर उपाय आहे. प्रिंटर हाताशी न ठेवता चार पावलांवर ठेवा, म्हणजे प्रत्येक दाखल्याला उठणे होते. पाण्याचा तांब्या दाराजवळ ठेवा. फोन उभ्याने घ्या. आणि सर्व्हर बंद पडला की पडद्यावर फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसू नका. सर्व्हर डाउन ही सरकारने दिलेली सुटी समजा आणि पाय मोकळे करून या. वीज गेली तरी तेच.

पाच हालचाली

या हालचाली खुर्चीजवळच होतात. सावकाश कराव्यात, झटका देऊ नये, दुखले तर तिथेच थांबावे.

एक : ताठ बसून हनुवटी सरळ मागे घ्यावी, जणू डोके मागच्या भिंतीला टेकवायचे आहे. मान खाली झुकवायची नाही. पाच मोजून सोडावे. असे आठ-दहा वेळा.

दोन : मान सावकाश उजवीकडे वळवून खांद्यावरून बघावे, मग डावीकडे. प्रत्येक बाजूला पाच वेळा.

तीन : दोन्ही खांदे कानाकडे उचलावेत, मागे फिरवून खाली सोडावेत. मग पाठीच्या दोन्ही फऱ्या एकमेकींकडे ओढाव्यात, पाच मोजावे, सोडावे.

चार : एक हात समोर सरळ करून दुसऱ्या हाताने त्याची बोटे हलकेच स्वतःकडे ओढावीत, आधी तळवा बाहेरच्या बाजूला ठेवून आणि मग खालच्या बाजूला करून. पंधरा मोजावे. नंतर मुठी दहा वेळा आवळून उघडाव्यात.

पाच : उभे राहून दोन्ही तळवे कमरेवर ठेवावेत आणि पाठ थोडी मागे झुकवावी. दिवसभर पुढे वाकलेल्या कमरेला यानेच बरे वाटते. चार-पाच वेळा पुरे.

आपल्याकडच्या पोरांचे आणखी एक आहे. दिवसभर संगणक आणि संध्याकाळी शेत. "शेतात राबतो, वेगळा व्यायाम कशाला?" हे म्हणणे निम्मे खरे. अंग हलते हे चांगलेच. पण आठ तास आखडलेल्या पाठीवर एकदम फवारणीचा भरलेला पंप चढवला किंवा खताचे पोते उचलले तर चमक भरायला वेळ लागत नाही. आधी दहा मिनिटे चाला, या हालचाली करा, मग ओझ्याला हात घाला. पोते उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यात वाका आणि ओझे पोटाजवळ धरा.

शेक द्या, पण मान मोडून घेऊ नका

मान किंवा पाठ धरली असेल तर शेकाने आराम पडतो. गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापवलेल्या खड्या मिठाची पुरचुंडी कापडातून पंधरा मिनिटे लावावी. मधुमेह असलेल्यांनी किंवा ज्यांची कातडी बधिर आहे त्यांनी आधी दुसऱ्याच्या हाताने चटका तपासून घ्यावा, नाही तर भाजले तरी कळत नाही. दुखते म्हणून चार-चार दिवस अंथरुणावर पडून राहू नये. सोसेल तेवढे हिंडते-फिरते राहिलेले बरे.

केस कापायला गेल्यावर मान कडकन मोडून घ्यायची सवय अनेकांना आहे. ती सोडा. मानेतल्या शिरा आणि रक्तवाहिन्या नाजूक असतात, झटक्याने त्यांना इजा होऊ शकते.

मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून रोज खाणे हाही उपाय नव्हे. त्या गोळ्या पोटात जखम करतात, मूत्रपिंडावर ताण आणतात. डोळ्यांत घालायचे थेंबही मनाने आणू नयेत. त्यांतल्या काहींत स्टिरॉइड असते आणि ते जास्त दिवस वापरले तर डोळ्यांतला दाब वाढून नजर जाऊ शकते.

निळा प्रकाश अडवणारे महागडे चष्मेही हल्ली विकले जातात. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा १७ चाचण्या तपासल्या. साध्या काचेपेक्षा या काचांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो, असे त्यांत दिसले नाही. ते पैसे चांगल्या खुर्चीत घाला.

डॉक्टरकडे कधी जावे?

पंधरा दिवस मांडामांड सुधारून, हालचाली करूनही फरक पडला नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. पुढील गोष्टी दिसल्या तर मात्र वाट बघू नये. हात किंवा पाय बधिर होणे, पकड सुटून हातातली वस्तू पडणे, कमरेच्या दुखण्याबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, दुखण्याबरोबर ताप किंवा वजन उतरणे, अचानक कमी दिसणे, लाल आणि ठणकणारा डोळा. छातीत दाबल्यासारखे होऊन कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम सुटत असेल, तर ते संगणकाचे दुखणे समजू नका, सरळ १०८ ला फोन करा.

पंचायतीने काय करावे, आपण काय करावे

सरपंच आणि ग्रामसेवक साहेब, तुमच्या कार्यालयात उंची कमी-जास्त होणारी एक खुर्ची, एक वेगळा कीबोर्ड-माउस, खिडकीला पडदा आणि लोकांना बसायला बाकडे एवढे घेतले तर फार खर्च नाही. बाकडे का, तर लोक ऑपरेटरच्या खांद्यावरून पडद्यात वाकून बघतात आणि तो अंग चोरून काम करतो. मुदतीच्या दिवसांत वाडी-वस्तीप्रमाणे वार नेमून दिले तर एकाच दिवशी झुंबड उडत नाही. दुसरा माणूस मदतीला दिला तर आलटून पालटून दोघांनाही उठता येते.

आणि शेतकरी बंधूंनो, आपलेही काम आहे. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. जाताना आधार, पासबुक, सातबारा आणि ओटीपी येणारा मोबाइल, चार्ज केलेला, बरोबर न्या. गट नंबर आणि खाते नंबर एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून न्या. तुमचे काम लवकर होते, त्याची मान कमी वाकते आणि चूक झाली तर तिथल्या तिथे सापडते. ई-पीक पाहणी करताना तुम्हीही मोबाइल छातीच्या उंचीवर धरा. घरात पोरे मोबाइल मांडीवर ठेवून तास-तास वाकलेली असतात, त्यांनाही हेच सांगा.

पुढच्या वेळी दाखला काढायला जाल तेव्हा प्रिंट निघेपर्यंत त्या पोराला एवढेच म्हणा, "ऊठ रे जरा, पाय मोकळे कर. मी थांबतो." तुमची दोन मिनिटे जातील. पण तो परत येऊन बसेल तेव्हा तुमचा गट नंबर बरोबर टाकेल.